विस्मृतीचा वारसा आणि धर्मग्रामाची वही

घरातील वडीलधारे माणूस तीच तीच गोष्ट पुन्हा विचारू लागले, शेगडीवर दूध ठेवून विसरू लागले, की आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून विषय मिटविण्याची रीत आहे. या म्हणीत थट्टा आहे, तशीच एक प्रकारची क्षमाही आहे. साठी उलटली, आता बुद्धीने साथ सोडली तर नवल ते काय, असा तिचा भाव. 'म्हातारचळ' हा शब्दही दोष वयावरच ढकलतो. परंतु जगाच्या पाठीवर एक असा डोंगराळ मुलूख आहे, की जेथील काही घराण्यांत बुद्धी नाठी होण्यासाठी साठीची वाट पाहावी लागत नाही. पंचेचाळिशीच्या आसपास, हाताशी आलेली मुले आणि अर्धवट राहिलेली कामे मागे ठेवून, तेथील माणसे स्वतःचे घर विसरू लागतात. हा मुलूख म्हणजे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचा अँटिओक्विया प्रांत. तो पिढ्यान्‌पिढ्या कॅथोलिक आहे. आणि या रोगाचा इतिहास ज्या कागदपत्रांतून उलगडला त्यांत आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटात असते तशीच एक वही होती. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, वाचकांपुढे ही दूरदेशीची हकिकत ठेवावीशी वाटली, ती या वहीमुळेच.

प्रथम त्या वहीविषयी थोडे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहासंबंधी जो ठराव केला, त्यात प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची नोंद ठेवावी अशी आज्ञा होती. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहून ठेवण्याचेही त्याच वेळी ठरले. यामागे वैद्यकाचा हेतू मुळीच नव्हता. चोरून होणारे विवाह थांबावेत आणि ज्या नात्यांत विवाह निषिद्ध आहे ती नाती वेळीच कळावीत, एवढाच उद्देश. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल यांच्या कारकिर्दीत 'रितुआले रोमानुम' हा विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पाच वह्या सांगितल्या आहेत: बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहाची, मृत्यूची आणि घरोघरच्या श्रद्धावंतांच्या शिरगणतीची. विसाव्या शतकाच्या आरंभी पोप दहावे पायस यांच्या काळात आणखी एक नियम झाला, आणि १९०८च्या ईस्टरपासून तो अमलात आला. विवाह कोठेही झाला तरी त्याची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या पानावर, समासात, करावयाची. म्हणजे लेक पन्नास कोसांवर नांदायला गेली तरी तिच्या जन्मगावच्या वहीत तिच्या सासरचा धागा परत येऊन बांधला जातो. वंशावळ शोधणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती?

आपल्या मराठवाड्यातील अशा वह्या फार जुन्या नाहीत. फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात घोगरगाव परिसरात आले, आणि खेड्यापाड्यांतील नोंदींचा ओघ तेव्हापासूनचा. औरंगाबाद धर्मप्रांत तर अमरावतीतून १९७७ साली वेगळा झाला. एकूण शंभर-सव्वाशे वर्षांचा, फार तर पाच पिढ्यांचा, हा ऐवज आहे. अँटिओक्वियात मात्र अशा नोंदी अठराव्या शतकापर्यंत मागे जातात.

आता रोगाकडे वळू. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला आपले नाव नीट लिहिता येईना, जेवताना ताटात काय आहे ते सांगता येईना. तिची तपासणी करणारे डॉक्टर म्हणजे आलोइस अल्झायमर. ते बव्हेरियातील मार्क्टब्राइट गावच्या एका कॅथोलिक कुटुंबात १८६४ साली जन्मले होते. एप्रिल १९०६मध्ये ती बाई वारली तेव्हा अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील वैद्यकसभेत आपले निरीक्षण मांडले. मेंदूच्या पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पिळवटलेले तंतू त्यांना दिसले होते. सभेत कोणी प्रश्नदेखील विचारला नाही. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला 'अल्झायमरचा रोग' असे नाव दिले. ती बाई म्हातारी नव्हती, हे येथे ध्यानी घ्यावयाचे. तरुण वयातील विस्मृती म्हणूनच तो एक निराळा रोग ठरला. वृद्धांच्या नेहमीच्या विस्मृतीमागेही बहुतेकदा तोच रोग असतो, हे जगाने मान्य करायला आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली. ऑगुस्टेबाईंचा रोग वारशाने आलेला होता काय, यावर मात्र आजही एकमत नाही. जपून ठेवलेल्या पेशींत असा दोष सापडल्याचे २०१२च्या सुमारास एका गटाने जाहीर केले, आणि दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाला तो सापडला नाही.

वारशाचा निःसंशय पुरावा मिळाला तो अँटिओक्वियात. मेडेलिन हे त्या प्रांताचे मुख्य शहर. त्याच्या उत्तरेस अँडीज पर्वताच्या घड्यांत यारुमाल, आंगोस्तुरा, बेलमिरा, सांता रोसा दे ओसोस अशी गावे आहेत. (यारुमालला १८४५ साली जन्मलेले आणि आंगोस्तुराचे धर्मगुरू म्हणून दशकानुदशके राबून १९२६ साली तेथेच निवर्तलेले फादर मारियानो दे जेसूस एउसे यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी ९ एप्रिल २००० रोजी 'धन्यवादित' म्हणून घोषित केले, हे काही वाचकांच्या स्मरणात असेल. तीच ही गावे.) डोंगरामुळे येथील वस्ती दीर्घकाळ जगापासून अलग राहिली. मुलांची संख्या मोठी, सोयरिकी जवळपासच्याच. तेथील लोक स्वतःला 'पायसा' म्हणवतात आणि या विस्मृतीला त्यांनी नाव दिले होते 'ला बोबेरा', म्हणजे खुळेपणा. कोणी म्हणे विशिष्ट झाडाला हात लागला म्हणून हे होते, कोणी म्हणे शाप आहे, कोणी करणी म्हणे. आपल्याकडील मंडळींनी यावर हसण्याचे कारण नाही. बाहेरची बाधा, भानामती आणि पूर्वजांचे पाप हे तिन्ही खुलासे मराठवाड्याच्या मातीतही उगवतात, आणि ते केवळ इतर धर्मीयांच्या घरांतच उगवतात असेही नाही.

फ्रान्सिस्को लोपेरा यांचा जन्म १९५१ सालचा, बालपण यारुमालमधले. १९८०च्या दशकाच्या आरंभी ते मेडेलिनच्या अँटिओक्विया विद्यापीठात मज्जाविकारशास्त्राचे शिक्षण घेत असताना त्यांच्यापुढे बेलमिराचा एक शेतकरी आला. वय सत्तेचाळीस, आणि स्मृती जवळजवळ गेलेली. चौकशी करता कळले की त्याचा बाप असाच गेला, आजा असाच गेला, भावंडांतही तेच. लोपेरा त्या गावी गेले. या एका घराण्याविषयीचा पहिला लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे अशीच दुसरी घराणी दुसऱ्या गावांत सापडत गेली. ती सुटी सुटी आहेत की एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हा खरा प्रश्न होता.

येथे ती वही उपयोगी पडली. लोपेरा आणि त्यांच्या सहकारी परिचारिका लुसिया माद्रिगाल यांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून नाती उतरवून घेतली. मग धर्मग्रामांच्या वह्यांतून बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू जुळवीत ते मागे मागे गेले. स्पॅनिश रिवाजानुसार माणूस बापाचे आणि आईचे अशी दोन आडनावे लावतो, त्यामुळे मातृकुळाचा माग सुटत नाही. अर्थात वही सर्वच सांगत नाही. मृत्यूच्या नोंदीत कारण दिलेले असले तरी ते मोघम. एखाद्या बाप्तिस्म्यात पित्याची जागा कोरी. तेथे आजीबाईंची आठवण कामी येते, आणि आजीबाईंची आठवण चुकते तेथे वही. शेवटी विखुरलेल्या घराण्यांची मुळे अठराव्या शतकातील समान पूर्वजांपर्यंत पोचली. पुढे २०१४ साली जनुकांच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला की हा दोष युरोपातून आलेल्या कोणा एका माणसाबरोबर सुमारे ३७५ वर्षांपूर्वी येथे पोचला असावा. वसाहतकाळी आलेल्या त्या अनाम पुरुषाने वा स्त्रीने आपल्या मुलांना आडनावाबरोबर आणखीही काही दिले होते. ते त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

हे काम शांततेच्या काळात झाले असे कोणी समजू नये. त्या डोंगरांत तेव्हा बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि मादक द्रव्यांचे व्यापारी यांचा धुमाकूळ चालू होता. रक्ताचे नमुने गोळा करण्यास गेलेल्या माद्रिगालबाईंना बंडखोरांनी आठ दिवस डांबून ठेवले होते. तरीही काम थांबले नाही. आमच्या मते या सबंध इतिहासात शास्त्रज्ञांइतकेच मोठे स्थान या परिचारिकेचे आहे, जरी पुरस्कारांच्या याद्यांत तिचे नाव शोधावे लागते.

वंशवृक्ष पुरा झाला तेव्हा त्यातील नियम उघड दिसू लागला. रोगी आई किंवा रोगी बाप, यांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना रोग होतो. मुलगा असो वा मुलगी. ज्याला दोष मिळालाच नाही त्याच्या वंशात तो पुन्हा कधी येत नाही. शास्त्राच्या भाषेत याला प्रभावी वारसा म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. येथे दोहोंपैकी एक प्रत बिघडलेली असली तरी पुरते. प्रत्येक मुलाच्या जन्मी जणू नाणे उडविले जाते.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा अनेक समाजांत आहे आणि ख्रिस्ती झाल्यावरही ती पुरती सुटलेली नाही. सख्ख्या आतेमामे भावंडांचा विवाह ख्रिस्तसभेच्या कायद्याने निषिद्ध आहे. १९८३च्या संहितेतील १०९१वे कलम तेच सांगते. मात्र धर्मप्रांताकडून सूट मिळू शकते आणि तशी नोंद विवाहाच्या वहीत होते. तेव्हा वाचक साहजिकच म्हणतील, हा रोग नात्यातल्या लग्नांनी झाला काय? तसे नाही. नात्यातील विवाहाने भय वाढते ते वेगळ्या प्रकारच्या रोगांचे, ज्यांत दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. अँटिओक्वियातील दोष एकाच प्रतीने काम करतो. त्याला परकी सून आणली तरी अडत नाही. डोंगरातील अलगपणाने इतकेच केले, की एका माणसाचे वंशज एकाच टापूत राहिले आणि मोजता आले. या कुळाच्या हयात वंशजांची संख्या सुमारे ६,००० आणि त्यांपैकी दोष बाळगणारे सुमारे १,२०० असावेत, असा अंदाज देण्यात येतो. या प्रकारच्या रोगाचे जगातील हे सर्वांत मोठे ज्ञात कुळ आहे.

१९९५ साली चौदाव्या गुणसूत्रावरील एक जनुक ओळखण्यात आले. त्याला 'प्रेसेनिलिन-१' म्हणतात. अँटिओक्वियातील घराण्यांत या जनुकाने घडणाऱ्या प्रथिनातील २८०व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलनिन येते. शेकडो अक्षरांच्या मजकुरात एका अक्षराची चूक! परंतु हे प्रथिन मेंदूत एका कात्रीचा भाग असते. कात्री बिघडली की अमायलॉइड नावाच्या द्रव्याचे तुकडे चुकीच्या लांबीचे पडतात, ते चिकट असतात आणि साचत जातात. अल्झायमरना १९०६ साली दिसलेली पुटे ती हीच. त्यामागोमाग 'टाउ' नावाच्या प्रथिनाचे तंतू पेशींच्या आत पिळवटतात आणि पेशी मरतात. हा सबंध क्रम विस्मृतीचे पहिले चिन्ह दिसण्याच्या वीस वर्षे आधीपासून चालू झालेला असतो.

येथवर गोष्ट विधिलिखितासारखी वाटेल. चूक एक, रोग एक, निवाडा एक. परंतु खरे नवल पुढेच आहे, आणि आम्हाला जे सांगावयाचे आहे ते तेथेच आहे. १९९७ साली लोपेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळाचा सविस्तर वृत्तान्त अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात दिला. त्यात रोगाचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या जवळपास होते खरे. पण कोणी चौतिसाव्या वर्षीच सापडला होता, तर कोणी बासष्टाव्या. पुढील मोजणीनुसार बुद्धीची पहिली घसरण साधारण चव्वेचाळिसाव्या वर्षी आणि पूर्ण स्मृतिभ्रंश एकोणपन्नासाव्या वर्षी. हेही मध्यावरचे आकडे. त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसे पसरलेली. एकाच आईची दोन मुले, दोघांत तीच चूक, आणि एकाची सुरुवात दुसऱ्याच्या दहा-पंधरा वर्षांनंतर, असे का व्हावे?

उत्तराचा पहिला तुकडा एकोणिसाव्या गुणसूत्रावर मिळाला. तेथे 'अपोई' नावाचे जनुक आहे. ते सर्वांच्याच शरीरात असते आणि त्याचे मुख्य काम चरबीची ने-आण करण्याचे. त्याचे दोन, तीन आणि चार असे तीन प्रचलित प्रकार. १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून जाहीर झाले की चौथा प्रकार बाळगणाऱ्यांना वृद्धापकाळीचा साधा अल्झायमर अधिक प्रमाणात आणि लवकर होतो. २००३ साली अँटिओक्वियाच्या कुळातही तेच दिसले: चौथा प्रकार असलेल्यांचा रोग अगोदर सुरू होतो. दुसऱ्या प्रकाराचा परिणाम उलट, तो रोगाला थोपवून धरतो, असेही नंतर आढळले. म्हणजे रोग द्यावा की न द्यावा हे एका जनुकाच्या हाती, आणि केव्हा द्यावा यात दुसऱ्याचा शब्द चालतो.

मग आली ती स्त्री. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही. ती याच कुळातील, तीच चूक तिच्यात होती, आणि चव्वेचाळिशी, पन्नाशी, साठी उलटून गेली तरी तिची बुद्धी शाबूत होती. सत्तरी ओलांडल्यावर तिला थोडे विसरायला होऊ लागले, म्हणजे अपेक्षेपेक्षा सुमारे तीस वर्षे उशिरा. तिला तपासणीसाठी अमेरिकेतील बॉस्टनला नेण्यात आले. मेंदूच्या चित्रात अमायलॉइड इतके साचलेले होते की डॉक्टर थक्क झाले. पण टाउचे तंतू फारच थोडे होते. नोव्हेंबर २०१९मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात कारण प्रसिद्ध झाले. तिच्या अपोई जनुकाच्या तिसऱ्या प्रकारात आणखी एक अतिदुर्मिळ बदल होता, आणि तो दोन्ही प्रतींत होता, आईकडूनही आणि बापाकडूनही आलेला. या बदलाला 'क्राइस्टचर्च' म्हणतात. नाव ऐकून आपल्या वाचकांना काही दैवी संकेत वाटेल, म्हणून सांगून टाकतो: न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरी १९८०च्या दशकात तो प्रथम सापडला, म्हणून हे नाव. ती बाई २०२० साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, कर्करोगाने वारली. तिच्या कुटुंबाने तिचा मेंदू संशोधनाला दिला आणि २०२२ साली त्याचाही अहवाल आला.

तिच्यानंतर त्याच कुळातील एक पुरुष. २०२३ साली त्याची हकिकत छापली गेली. सदुसष्टाव्या वर्षापर्यंत त्याची बुद्धी ठीक होती. त्याच्याजवळ क्राइस्टचर्च नव्हता. त्याच्या 'रीलिन' नावाच्या प्रथिनात वेगळाच बदल होता. त्याच्या बहिणीतही तो बदल होता, पण तिला त्याचे तेवढे बळ मिळाले नाही. आणि जून २०२४मध्ये आणखी एक अभ्यास आला, जो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अपवादात्मक एक व्यक्ती नसून सत्तावीस माणसे आहेत. या सत्तावीस जणांत रोगाची चूकही होती आणि क्राइस्टचर्चची फक्त एक प्रत होती. त्यांच्या बुद्धीची घसरण साधारण बावन्नाव्या वर्षी सुरू झाली; ती प्रत नसलेल्या त्यांच्या नातलगांची सत्तेचाळिसाव्या. पाच वर्षे! कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण पाच वर्षांत धाकटी मुलगी पदवीधर होते, कर्ज फिटते, थोरल्याचे लग्न बापाच्या डोळ्यांदेखत लागते.

औषधाच्या बाबतीत यश तितके आले नाही. २०१३ साली या कुळात एका औषधाची चाचणी सुरू झाली. क्रेनेझुमॅब असे त्याचे नाव. एकूण २५२ जणांनी भाग घेतला. त्यांपैकी ८३ जणांत रोगाची चूक नव्हतीच, आणि त्यांना केवळ औषधासारखे दिसणारे पाणी टोचले जात होते. मग त्यांना घेतले कशाला? तर, फक्त दोष असलेल्यांनाच बोलाविले असते तर बोलावणे येताच प्रत्येकाला आपले भवितव्य कळून चुकले असते. ज्याला ते कळून घ्यावयाचे नाही त्याचा तो हक्क राखण्यासाठी ८३ माणसे वर्षानुवर्षे सुया टोचून घेत राहिली. शेजाऱ्याचे ओझे वाहणे ते याहून निराळे काय असते, आम्हाला ठाऊक नाही. जून २०२२मध्ये निकाल लागला: औषधाने रोग रोखल्याचे सिद्ध झाले नाही. लोपेरा १० सप्टेंबर २०२४ रोजी निवर्तले. क्राइस्टचर्चच्या बदलाची नक्कल करणारे औषध बनविण्याचे प्रयत्न निरनिराळ्या प्रयोगशाळांत चालू आहेत.

आता आपल्याकडे पाहू. एका जनुकाच्या चुकीने तरुण वयात येणारा हा प्रकार जगातील एकूण अल्झायमर रुग्णांत शंभरात एकाहूनही कमी असतो. तेव्हा आजोबांना विस्मृती झाली म्हणून नातवाने धास्ती घेऊ नये. वृद्धपणीचा साधा प्रकार मात्र आपल्याकडे विपुल आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. या रुग्णांच्या कुटुंबांसाठी झटणारी पहिली अखिल भारतीय संस्था १९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय यांनी उभी केली. वारशाच्या बाजूने पाहता, हरियाणातील बल्लभगड येथे १९९०च्या दशकात भारतीय व अमेरिकी संशोधकांनी खेड्यातील वृद्धांची मोठी पाहणी केली होती. तेथे अपोईचा चौथा प्रकार अमेरिकेतील तुलनेच्या लोकांहून कमी आढळला. पण ज्यांच्यात तो होता, त्यांच्या बाबतीत रोगाशी त्याचे नाते तेथल्याइतकेच होते.

महाराष्ट्रात अँटिओक्वियासारखे कुळ नोंदले गेल्याचे आमच्या वाचनात नाही. परंतु आपल्या समाजात एक गोष्ट तिकडच्यासारखीच आहे: लपविण्याची वृत्ती. सोयरीक जमविताना 'त्या घराण्यात वेड आहे' एवढे एक वाक्य कुजबुजले गेले तरी मुलीचे लग्न मोडते, हे आपण सर्व जाणतो. म्हणून घरातील पन्नाशीचा माणूस हिशेब चुकवू लागला तर त्याला घाटी रुग्णालयात नेण्याऐवजी आतल्या खोलीत ठेवले जाते. मिस्सेला त्याला आणणे बंद होते. विचारणाऱ्याला 'बीपीचा त्रास आहे' असे सांगितले जाते. यात कुटुंबाची दुष्टता नसते, भीती असते. आणि ही भीती मुख्यतः एका गैरसमजावर उभी असते: आईबापाचा रोग मुलाला ठरल्या दिवशी, ठरल्या रीतीने येणारच. अँटिओक्वियाच्या सहा हजारांचा इतिहास नेमके याच्या उलट साक्ष देतो. तेथे निम्म्यांना तो येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांतही कोणाला चौतिशीत, तर कोणाला सत्तरीत. थायरॉइडचा बिघाड, जीवनसत्त्व ब-१२ची उणीव किंवा खिन्नतेचा विकार यांनीही स्मृती मंदावते, आणि यांवर उपचार आहेत. ज्याला आतल्या खोलीत ठेवले त्याचे हे निदान कधीच होत नाही, हा लपवाछपवीचा सर्वांत मोठा तोटा.

याच विषयाशी लागून असलेली एक घटना येथे सांगितली पाहिजे. हंटिंग्टनचा रोग हाही एकाच प्रतीने येणारा, मध्यम वयात उद्भवणारा मेंदूचा विकार. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः व्हेनेझुएलाच्या माराकायबो सरोवराकाठी, त्याची मोठी कुळे आहेत. १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या रोगाने पीडित कुटुंबांना व्हॅटिकनमध्ये बोलावून त्यांची भेट घेतली. गावात ज्यांच्याशी कोणी हात मिळवीत नसे ते लोक जगभरच्या छायाचित्रकारांसमोर पोपमहोदयांच्या मिठीत दिसले. रोग यापुढे लपवायचा नाही, हीच त्या मेळाव्याची घोषणा होती.

आमच्या काही मित्रांनी असे सुचविले की धर्मग्रामाच्या वह्यांत रोगाचाही एक रकाना असावा. ही सूचना आम्हाला मुळीच मान्य नाही. रोग ही त्या माणसाची आणि त्याच्या डॉक्टरांची गोष्ट आहे. फादरांच्या कपाटात ती गेली की कधी ना कधी सोयरिकीच्या बैठकीत येईलच. मेडेलिनमध्येही दोष कोणात आहे याच्या नोंदी नावाने नव्हे, खुणेच्या आकड्यांनी ठेवतात, आणि धर्मग्रामाची वही फक्त नाती सांगते. परंतु घरच्या घरी एक कागद ठेवण्यास हरकत नसावी. आजा कोणत्या वयात विसरू लागला, आजी कशाने गेली, चुलत्याला काय झाले होते; डॉक्टर हेच विचारतात, आणि बहुतेक कुटुंबांना आईच्या बाजूचे काहीच सांगता येत नाही. पणजीचे माहेर कोणते, हे आपल्या घरांतील पन्नाशीच्या आतील माणसांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ते हवे असेल त्यांनी आजीच्या बाप्तिस्म्याच्या गावी चौकशी करावी. आईवडिलांची नावे त्या पानावर असतात, आणि तेथून तिच्या आईच्या बाप्तिस्म्याचे पान फारसे दूर नसते.